तीनदा बुजवलेली भेग: एका पश्चिम भिंतीच्या गिलाव्याची दुरुस्ती

घरमालकांनी मला बोलावले ते एका आडव्या भेगेसाठी. दुमजली घराच्या पश्चिमेकडील भिंतीवर, वरच्या मजल्याच्या तळाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत ती जवळजवळ सरळ रेषेत गेलेली होती. गेल्या काही वर्षांत ती तीनदा बुजवण्यात आली होती: पहिल्यांदा सिमेंटच्या लापशीने, मग पांढऱ्या पुट्टीने आणि शेवटी भेगा भरण्याच्या तयार लुकणाने, वरून रंगाचे दोन हात देऊन. तिन्ही वेळा ती त्याच जागी पुन्हा उघडली. ‘आता कोणता चांगला माल वापरावा?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता. भेग कशामुळे पडते हे तोवर कोणी विचारलेच नव्हते.

भिंत 7 मीटर लांब आणि कठड्यासह सुमारे साडेसहा मीटर उंच आहे. तळमजला जुना, चुन्याच्या मालात बांधलेल्या मऊ भाजणीच्या विटांचा आहे. वरचा मजला बऱ्याच वर्षांनी चढवला गेला. त्याला काँक्रीटचे खांब आणि तुळया आहेत व मधले गाळे विटांनी भरलेले आहेत. वरचा मजला पूर्ण झाल्यावर घर एकसारखे दिसावे म्हणून तळापासून कठड्यापर्यंत सगळ्या भिंतीला सिमेंटचा एकच गिलावा करण्यात आला. या प्रकरणातील बहुतेक सगळ्या अडचणींचे मूळ त्या निर्णयात आहे. डोळ्यांना ती भिंत एक दिसत होती, पण गिलाव्याखाली दोन निरनिराळ्या स्वभावाच्या भिंती एकमेकींवर उभ्या होत्या.

पहिल्या पाहणीत आडव्या भेगेखेरीज आणखी पाच गोष्टी नजरेस आल्या. जमिनीपासून सुमारे एक मीटरपर्यंत गिलावा फुगलेला होता, रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि त्यांच्या मागे लोणा, म्हणजे पांढरा क्षार, साठला होता. वरच्या मजल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा पसरलेल्या होत्या. एका खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली होती. उजव्या कोपऱ्यातल्या खांबाच्या कडेला उभी भेग होती व तिच्यातून तांबूस डाग ओघळले होते. कठड्याखाली काळपट शेवाळाचे पट्टे होते. नकाशात नोंदवताना या साऱ्यांना ‘भेगा व ओल’ अशा एका नावाखाली घालण्याचा मोह होतो, परंतु प्रत्येकीचे कारण वेगळे असेल तर उपायही वेगळा असतो, आणि एकाच मालाने सगळ्या बुजवणे म्हणजे वेगवेगळ्या आजारांना एकच पुडी देणे होय.

म्हणून परांची बांधून घेतल्यावर पहिले दोन दिवस आम्ही एकही भेग उघडली नाही. भिंतीवर खडूने एक-एक मीटरचे चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोन लाकडी दांड्याने हळू ठोकून पाहिला. विटेला घट्ट धरून असलेला गिलावा खणखणीत, भरीव आवाज देतो. सुटलेला गिलावा बद्द वाजतो, आणि हात टेकला तर दांड्याचा ठोका तळव्याला वेगळा जाणवतो. बद्द जागांची सीमा खडूने गिरवत गेल्यावर जो नकाशा तयार झाला, तो भेगांच्या नकाशाशी फारच थोड्या ठिकाणी जुळत होता. वरच्या मजल्यावर जिथे जाळीदार भेगा सर्वांत दाट होत्या, तिथला गिलावा बहुतांशी भक्कम निघाला. उलट, तळमजल्यावर दोन खिडक्यांच्या मधला पट्टा, ज्यावर एकही भेग नव्हती आणि ज्याचा रंगही शाबूत होता, तो सबंध पोकळ वाजला. नुसत्या नजरेवर विसंबून काम काढले असते तर भक्कम गिलावा फोडला गेला असता आणि सुटलेला तसाच राहिला असता. दुरुस्तीची हद्द कानाने ठरवावी लागते, असे मी प्रत्येक गवंड्याला आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

पुढचे काम भेगा हलतात की नाही हे पाहण्याचे. आडव्या भेगेवर तीन ठिकाणी आणि तिरक्या भेगेवर एका ठिकाणी, काटकोन त्रिकोण होईल अशा रीतीने तीन-तीन लहान स्क्रू बसवले: दोन भेगेच्या एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. त्यांच्यातील अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजले की भेग रुंदावते आहे की तिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकत आहेत, हे दोन्ही कळते. काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी पद्धत फक्त ‘हलली’ एवढेच सांगते. किती आणि कोणत्या दिशेने, हे सांगत नाही. सूर्योदयापूर्वी आणि दुपारी भिंत तापल्यावर अशी मापे आम्ही तीन महिने घेतली. घरमालकांना हा काळ फार वाटला. त्यांची अधीरता मला समजत होती, तरीही हे तीन महिने वाया गेले असे मला वाटत नाही, कारण त्यांतूनच दोन भेगांचा निकाल लागला.

तिरकी भेग तीन महिन्यांत जागची हलली नाही. ती जुनी आणि थांबलेली होती. तिच्या मागची वीटही तुटलेली होती, म्हणजे भेग केवळ गिलाव्याची नव्हती. परंतु लिंटेलचे, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईचे, टोक भिंतीत फार थोडे टेकवले गेल्यामुळे खालचा कोपरा एकदा बसला आणि मग स्थिरावला, असा निष्कर्ष काढता आला. पाया खचत असता तर अंतर एकाच दिशेने वाढत गेले असते.

आडवी भेग मात्र रोज हलत होती. पहाटे आणि दुपारी घेतलेल्या मापांत तिच्या दोन बाजू लांबीच्या दिशेने एकमेकींवरून सरकलेल्या दिसत. हा फरक भिंतीच्या टोकांशी सर्वांत जास्त आणि मध्यभागी नगण्य होता. कारण हिशेबाने पडताळता येते. काँक्रीट तापमानाच्या प्रत्येक अंशाला मीटरमागे सुमारे 0.01 मिलिमीटर प्रसरण पावते, तर भाजलेल्या विटांचे बांधकाम त्याच्या साधारण निम्म्याने किंवा किंचित जास्त. भिंतीचे तापमान 30 अंशांनी बदलले तर 7 मीटर लांबीची तुळई सुमारे 2.1 मिलिमीटर आणि तेवढीच लांब विटांची भिंत सुमारे 1.3 मिलिमीटर वाढते. उरलेला 0.8 मिलिमीटरचा फरक दोन्ही टोकांत वाटला तरी प्रत्येक टोकाला 0.4 मिलिमीटर सरक राहते. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री निवते, तेव्हा हे रोज घडते. सिमेंटचा 20 मिलिमीटर जाड गिलावा ही ओढ सहन करू शकत नाही; तो सर्वांत कमकुवत रेषेवर, म्हणजे तुळई आणि वीट जिथे भेटतात तिथे, तुटतो. ज्या भेगेत रोज हालचाल आहे ती कठीण मालाने भरली तर तो माल तरी तुटतो किंवा भेग त्याच्या शेजारून नवी वाट काढते. तीनदा केलेली दुरुस्ती कारागिराच्या हलगर्जीमुळे फसलेली नव्हती. जिथे सांधा हवा होता तिथे भराव घातला जात होता.

म्हणून या भेगेचा आम्ही रीतसर सांधा केला. ओळंब्याशी काटकोनात सरळ दोरी धरून, कटर यंत्राने गिलाव्याच्या पूर्ण जाडीतून 10 मिलिमीटर रुंदीची खाच कापली, ती ब्रशने आणि हवेने स्वच्छ केली आणि कोरडी होऊ दिली. तळाशी फोमची गोल दोरी दाबून बसवली आणि तिच्यावर सुमारे 7 मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन सीलंट भरला. या दोरीचे काम केवळ जागा भरण्याचे नाही. सीलंट खाचेच्या दोन्ही कडांना चिकटला पाहिजे आणि तळाला चिकटता कामा नये. तिन्ही बाजूंनी जखडला तर त्याला ताणायला मोकळीक राहत नाही आणि तो फाटतो. सीलंट सकाळी उशिरा, भिंत ना फार गार ना फार तापलेली अशा वेळी भरला, म्हणजे पुढे त्याच्यावर दोन्ही दिशांनी सारखाच ताण येईल. सांध्याची खालची कड किंचित बाहेर उतरती ठेवली, नाहीतर पावसाचे पाणी तिच्यावर थांबते. घरमालकांना भिंतीवर आडवी रेघ दिसणार हे प्रथम रुचले नाही. पण रेघ आधीही होतीच, वेडीवाकडी आणि पाणी पिणारी; आता ती सरळ आणि बंद आहे.

खांब आणि विटांचे गाळे यांच्यामधील उभ्या सांध्यांवर मात्र आम्ही जस्तलेपित तारेची जाळी वापरली, कारण तिथली हालचाल नगण्य होती. सांध्याच्या दोन्ही बाजूंना 150 मिलिमीटर पोचेल एवढी जाळी घेऊन ती भिंतीला न चिकटवता थोडी उचलून धरली. भिंतीला टेकलेल्या जाळीमागे माल शिरत नाही, आणि मग तीच गिलावा सुटण्याची जागा बनते.

तांबूस डागांचा कोपरा सर्वांत गंभीर होता, जरी सर्वांत लहान दिसत होता. गंजलेले लोखंड मूळ धातूपेक्षा कितीतरी पट जागा व्यापते. त्या दाबाने आधी काँक्रीटचे आवरण आणि मग गिलावा फुटतो. गिलावा काढून काँक्रीटच्या ताज्या फोडीवर फेनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले असता, सळईभोवतीचा भाग रंगहीन राहिला आणि आतला गुलाबी झाला. काँक्रीटची अल्कता शाबूत असेल तिथेच हे द्रावण गुलाबी होते. रंगहीन भागात हवेतील कार्बन डायऑक्साइडने ती संपवली होती आणि सळईचे नैसर्गिक संरक्षण गेले होते. सुटे काँक्रीट सळईच्या मागे 20 मिलिमीटरपर्यंत फोडले, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासली आणि तिचा व्यास मोजला. 16 मिलिमीटरची सळई 15.2 भरली, म्हणजे छेदाचे क्षेत्र सुमारे 10 टक्के घटले होते. ही संख्या स्ट्रक्चरल अभियंत्यांपुढे ठेवली. जोडसळईची गरज नाही असे त्यांनी लेखी दिल्यावरच सळईला गंजरोधक लेप देऊन पॉलिमरयुक्त दुरुस्ती-मालाने आवरण पूर्ववत केले. गिलाव्याची दुरुस्ती करणाऱ्याने हा निर्णय स्वतःच्या अंदाजाने घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

वरच्या मजल्यावरील सुटलेला गिलावा काढताना फोडीच्या कडा चौकोनी कापल्या आणि किंचित आतल्या बाजूला तिरक्या घेतल्या, म्हणजे नवा माल जुन्याखाली धरला जातो. कडा निमुळती सोडून माल शून्यावर आणला तर तो पातळ पापुद्रा पहिल्यांदा सुटतो. फोडीची हद्दही बद्द जागेच्या वेड्यावाकड्या सीमेवर न थांबवता खिडकीची कड, भिंतीचा कोपरा किंवा नवा सांधा यांपर्यंत नेली. तिथे जोड दिसत नाही आणि ताणही कमी असतो.

इथे आमची एक चूक झाली, ती नोंदवणे आवश्यक आहे. पहिला नमुना-तुकडा एक भाग सिमेंटला चार भाग वाळू या प्रमाणात केला आणि तो आठवड्याच्या आत केसाएवढ्या भेगांनी भरून गेला, अगदी जुन्या गिलाव्यासारखा. वाळू मी नजरेने पाहून मान्य केली होती. नंतर काचेच्या उभ्या भांड्यात ती मिठाच्या पाण्याबरोबर ढवळून तीन तास स्थिर ठेवली, तेव्हा वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या 8 टक्क्यांच्या मर्यादेहून स्पष्टपणे जास्त निघाला. गाळ जास्त असला की मालाला पाणी जास्त लागते आणि वाळताना तो तितकाच जास्त आकसतो. शिवाय तो तुकडा दुपारच्या उन्हात आणि वाऱ्यात केला होता. ही चाचणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. ती केली असती तर एक आठवडा वाचला असता.

तुकडा काढून टाकला, वाळू बदलली आणि माल एक भाग सिमेंट, एक भाग चुना व सहा भाग वाळू असा घेतला. चुन्यामुळे माल लोण्यासारखा पसरतो, पाणी धरून ठेवतो आणि वाळल्यावर थोडी ओढ सोसतो. विटेवर आधी सिमेंट आणि जाड वाळूचा पातळ माल थापीने जोराने फेकून खडबडीत पकड तयार केली, ती ओली ठेवून घट्ट होऊ दिली. त्यावर 12 मिलिमीटरचा पहिला थर दिला, तो ओला असतानाच आडव्या रेघा ओढून खरखरीत केला आणि आकसून होईपर्यंत पाच दिवस थांबलो. मग 8 मिलिमीटरचा दुसरा थर देऊन तो लाकडी गुरमाळ्याने सपाट केला. लोखंडी थापीने घोटून गुळगुळीत करण्याचा आग्रह कारागिरांचा होता. मी तो मानला नाही, कारण घोटल्याने सिमेंटची साय वर येते आणि नेमकी तीच साय जाळीदार फाटते. काम फक्त सकाळी, भिंतीवर ऊन येण्यापूर्वी केले, आणि सात दिवस ओल्या गोणपाटाचे पडदे भिंतीपासून थोडे दूर टांगून ठेवले.

उरलेल्या जाळीदार भेगा, ज्या भक्कम गिलाव्यात होत्या, त्या आम्ही फोडल्या नाहीत. 0.3 मिलिमीटरपेक्षा रुंद होत्या तेवढ्याच उघडून भरल्या; बाकीच्यांवर शेवाळ धुऊन झाल्यावर, वाफ बाहेर सोडणारा पण पावसाचे पाणी अडवणारा लवचिक रंग दिला. खिडकीच्या कोपऱ्यातील थांबलेली भेग विटांच्या आडव्या सांध्यांत 6 मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या पिळदार सळया भरून शिवली आणि वरून गिलावा केला. नवा गिलावा चार आठवडे सुकू दिल्याखेरीज रंगाला हात लावला नाही.

तळमजल्याचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. फुगलेला गिलावा काढल्यावर मागची वीट हाताला ओली लागली आणि चुन्याचा सांधा बोटाने खरवडला जात होता. घर बांधणाऱ्यांनी जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेला होता, पण भिंतीलगतची फरशी पुढे दोनदा एकावर एक घातल्यामुळे तो जमिनीखाली गाडला गेला होता. शिवाय सिमेंटचा गिलावा त्याच्यावरून थेट जमिनीपर्यंत उतरवला होता, त्यामुळे ओलीला चढायला पूल मिळाला. मऊ वीट आणि चुना यांची भिंत पाणी पिते आणि उघडी असेल तर परत सोडते. तिच्यावर कठीण, घट्ट गिलावा आणि त्यावर प्लास्टिकसारखा रंग चढवला की केसाएवढ्या भेगांतून पाणी आत ओढले जाते, पण बाहेर पडण्याची वाट उरत नाही. आत अडकलेल्या पाण्याबरोबर क्षार गिलाव्याच्या मागे येतात, तिथे त्यांचे स्फटिक बनतात आणि ते गिलावा ढकलतात. बाहेरचा थर आतल्या बांधकामाहून कठीण असू नये, हा नियम इथे पूर्णपणे उलटा झाला होता.

त्यामुळे तळमजल्यावरचा सिमेंटचा गिलावा, भक्कम वाजणारासुद्धा, सगळाच काढावा असे मी सुचवले. आधी भिंतीलगतची फरशी उखडून जमीन जोत्याच्या थराखाली 150 मिलिमीटर उतरवली आणि त्या पट्ट्यात खडी भरली. भिंत पूर्ण वाळण्याची वाट पाहणे व्यवहार्य नव्हते: विटांचे बांधकाम सुकायला दर 25 मिलिमीटर जाडीला साधारण एक महिना लागतो, असा कारागिरांचा ठोकताळा आहे, आणि ही भिंत 230 मिलिमीटर जाड होती. म्हणून भिंत ज्यातून वाळत राहील असा गिलावा निवडला: एक भाग चुना, तीन भाग खरखरीत वाळू, 10 मिलिमीटरहून जाड नाही असे दोन थर, आणि वरून रंगाऐवजी चुन्याची सफेदी. ढासळलेले सांधे आधी चुन्यानेच भरले. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कठीण होतो आणि ती क्रिया महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर आत सरकते, त्यामुळे त्याला ऊन आणि वाऱ्यापासून कित्येक आठवडे जपावे लागते. गिलाव्याची खालची कड जोत्याच्या थरावरच थांबवली.

कठड्याचा माथा सपाट होता आणि पाणी सरळ भिंतीवर उतरत होते. माथ्याला गच्चीकडे उतार दिला, तो भिंतीबाहेर 40 मिलिमीटर काढला आणि खालच्या बाजूने पाणी तोडणारी खाच ठेवली. खिडक्यांखालच्या फरश्यांनाही तशीच खाच दिली.

वर्षभराने मी भिंत पुन्हा पाहिली, ठोकली आणि मोजली. सांध्याचा सीलंट दोन्ही कडांना धरून आहे. नव्या गिलाव्यात कुठेही बद्द आवाज नाही. एका जोडावर मात्र साधारण हातभर लांबीची केसाएवढी भेग आहे, तिची नोंद ठेवली आहे. शेवाळाचे पट्टे परत आलेले नाहीत. तळाशी, खालच्या कडेलगतच्या 100 मिलिमीटर पट्ट्यात चुन्याचा गिलावा भुरभुरतो आहे आणि त्यावर पांढरा क्षार दिसतो. हे अपेक्षितच होते, कारण भिंतीत साठलेले क्षार आता बाहेर पडत आहेत आणि वीट शाबूत ठेवून झिजण्यासाठीच तो पट्टा आहे. घरमालकांना तो कोरड्या ब्रशने झाडायला सांगितले आहे, पाण्याने धुवायला नाही. पाण्याबरोबर क्षार पुन्हा आत जातील. दोन वर्षांनी तेवढा पट्टा काढून चुन्यातच नवा करायचा आहे, आणि तिथे कोणी सिमेंट लावू नये म्हणून ही नोंद घराच्या कागदपत्रांत ठेवण्यास मी त्यांना दिली आहे.